पुतळ्याचं पदक

नागरी शिस्तीचं पदक शेवटी चौकातल्या पुतळ्याला मिळालं. वाचलंत? आता विसरा. असं काही झालेलंच नाही.

वाहतूक हवालदाराला मुळात पदकबिदक नकोच होतं. त्याला फक्त आपला चौक हवा होता. कित्येक वर्षं तो तिथे उन्हात उभा होता आणि त्याचा एका गोष्टीवर भाबडा विश्वास होता: नीट समजावून सांगितलं की माणूस थांबतो.

"आपलं प्रजासत्ताक आहे," लाल दिवा तोडणाऱ्याला अडवून तो सांगायचा. "इथे राजा कोण? तुम्ही. मग राजानेच नियम मोडला तर कसं चालेल?"

"अगदी बरोबर बोललात," लोक मान डोलवायचे. "पण आज जरा घाई आहे."

कुणाचा काका खात्यात असायचा, कुणाचं दूध गॅसवर असायचं. नागरिकशास्त्राचे एक प्राध्यापक तर रोज सकाळी सुसाट निघून जायचे. एकदा हवालदाराने त्यांना गाठलंच.

"सोडा हो," प्राध्यापक कळवळले. "नागरिकांच्या कर्तव्यांवर तास आहे. पोरं खोळंबलीत."

सोडलं. करतो काय!

मग साहेबांनी पुतळा आणला. फायबरचा. अंगात पोलिसाची वर्दी, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडावर मास्क, एक हात कायम पुढे. इतर चौकांत असे पुतळे आधीच बसले होते आणि तिथली वाहतूक म्हणे सुतासारखी सरळ झाली होती.

"आठवडाभर बघू," साहेब म्हणाले. "याला जमलं तर तुझी रवानगी जप्त गाड्यांच्या आवारात. तोवर याला पुसत जा."

ते आवार पार शहराबाहेर. तिथे गंजक्या गाड्यांना प्रजासत्ताक समजावत बसायचं? शिवाय तिकडे बदली झालेला माणूस पुन्हा दिसत नसे. बाजारचौकातला त्याचा दोस्त जाड्या गेला तो गेलाच. ना फोन, ना चहा.

आणि पुतळ्याला जमलं की!

त्याच्याशी हुज्जत घालता येत नव्हती. त्याला काका चालत नव्हता, दूध चालत नव्हतं. प्राध्यापक पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे गुमान थांबू लागले. त्यांच्या शेजारी वकीलसाहेबांची लांबलचक गाडी, तिच्या शेजारी भंगारवाल्याची हातगाडी. कायद्यापुढे सगळे समान असतात म्हणजे नेमके कसे दिसतात, हे हवालदाराने जन्मात पहिल्यांदा पाहिलं, तेही हातात फडकं धरून.

राहवेना म्हणून तो इतर पुतळेही बघून आला. बाजारचौकातल्याचं पोट चांगलंच सुटलं होतं. रुग्णालयाजवळचा दुपारनंतर एका पायावर कलायचा. ठेकेदाराने साहेबांना गंडवलंय, असं म्हणत हवालदार घरी आला आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवला.

आठवडा संपला. साहेब पाहणीला यायचे होते, म्हणून तो पुतळ्याचं तोंड पुसत होता.

"तू असं काय सांगतोस रे त्यांना," तो न राहवून म्हणाला, "जे मी नाही सांगितलं?" आणि त्याने पुतळ्याला खांद्याशी ढोसलं. हलकेच. आपला माणूस समजून.

पुतळा चौथऱ्यावरून आडवा झाला. मुंडकं गडगडत गेलं आणि पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे थांबलं, नियमाप्रमाणे.

सरकारी मालमत्ता! आता आवार तर सोडाच, नोकरीच जायची. हवालदाराने ते सगळं उचलून पंक्चरवाल्याच्या टपरीमागे कोंबलं, चष्मा आणि मास्क चढवला, आणि चौथऱ्यावर जाऊन हात पुढे केला.

"काय हवालदार, आज वरून?" पंक्चरवाल्याने विचारलं.

"गप्प. मी इथे नाहीये."

"बरं," म्हणून तो ट्यूबमधली हवा बघू लागला.

लाल दिवा लागला. सगळे थांबले. पहिल्या रांगेत स्कूटरवर हवालदाराची बायको, मागे मेव्हणा.

"ताई, रस्ता मोकळा आहे, काढ की," मेव्हणा म्हणाला.

"गप बस. दिसत नाही का, पुतळा आहे?" बायको म्हणाली. "आमचे हे दिवसभर बोलतात, म्हणून कुणी ऐकत नाही. हा बघ कसा. तोंडातून शब्द नाही, पण ऐकावंसं वाटतं." मग खाली बघून म्हणाली, "बूट मात्र यांच्यासारखेच कळकट."

हवालदाराने बुटातल्या बुटात बोटं आखडली.

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. साहेब उतरले, गर्दी जमली, प्राध्यापक पुढे सरकले.

"नागरिकहो," साहेब हात उंचावून म्हणाले, "प्रजासत्ताक आणखी वेगळं काय असतं? कुणी बघत नाही, तरी तुम्ही थांबता! तुमच्यावर लक्ष ठेवायला इथे माणूस लागत नाही. हा पुतळा खात नाही, पीत नाही, रजा मागत नाही. तुमच्या शिस्तीचं पदक मी याच्याच छातीवर लावतो."

टाळ्या पडल्या. प्राध्यापकांच्या सगळ्यात मोठ्या.

पदकाची पिन वर्दीतून आरपार छातीत घुसली. हवालदाराच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. चष्म्याआडून पाणी ओघळून मास्कमध्ये गेलं. पण तो हलला नाही. चौक होता त्याचा.

पदक सरळ करायच्या निमित्ताने साहेब जवळ वाकले. त्यांचं तोंड हवालदाराच्या कानाशी आलं.

"शाबास," ते हळूच म्हणाले. "बाजारचौकात जाड्या तर पिन लागल्याबरोबर किंचाळला होता."

हवालदाराने समोर बघत, ओठ न हलवता, मास्कच्या आतून उत्तर दिलं.

"महोदय, सविनय विनंती की, शहरातील समस्त पुतळ्यांना दुपारच्या जेवणाची सुटी मंजूर करण्यात यावी."