वगळलेला पिचर

आसावरीनं बागेत दोन खुर्च्या दीड मीटर अंतर ठेवून मांडल्या, तोवर संजीव फाटकाशी येऊन उभा राहिला होता. तोंडावरचा मास्क त्यानं अजून काढला नव्हता. युट्रेख्टहून ट्रेननं तो डेल्फ्टला आला होता, एकवीस वर्षांनी आपल्या कोचला भेटायला.

नीळकंठ सर भारतातून लेकीकडे, म्हणजे आसावरीकडे, तीन महिन्यांसाठी म्हणून फेब्रुवारीत आले. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि जुलै उजाडला तरी ते इथंच होते. पुण्याच्या एका कॉलेजात त्यांनी एकतीस वर्षं बेसबॉल शिकवला होता. सुरुवातीला तिघांत मिळून एक ग्लव्ह असायचा. उसवलेले बॉल सर घरी आणून स्वतः शिवायचे. पुढे त्यांची सहा पोरं देशाकडून खेळली.

सर कुणाच्या शब्दाखातर संघ बदलत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. सरावाला दोनदा उशीर झाला म्हणून त्यांनी आसावरीलाच मुलींच्या संघातून काढलं होतं. आठवडाभर ती त्यांच्याशी बोलली नव्हती. नंतर मात्र हीच गोष्ट ती अभिमानानं सगळ्यांना सांगायची.

चहा ठेवून ती आत निघाली, तर संजीव म्हणाला, "थांबा ना ताई. चोरून बोलण्यासारखं काही नाही." मग तो सरांकडे वळला. "सर, माझे वडील गेले. मे महिन्यात, कोविडनं."

सरांनी चमकून वर पाहिलं. "मनोहरराव?"

"हो. मला जाता आलं नाही. मोबाईलवर पाहिलं, तेही अ‍ॅम्ब्युलन्सचं दार लागेपर्यंतच."

आसावरी पायरीवर बसली.

"एकच विचारायला आलोय," संजीव म्हणाला. "नव्व्याण्णव साली आंतरविद्यापीठ स्पर्धेला निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला संघातून काढलंत. पहिला पिचर होतो मी, समोरच्या संघाला बॉल टाकणारा. का काढलंत?"

सरांनी कपाची कड बोटानं पुसली.

"नंतर मी बॉल हातात धरला नाही. त्याच आठवड्यात कॉलेजात कंपन्या आल्या, नोकरी लागली, इथवर आलो. सगळं चांगलंच झालं. पण तेव्हा मी पार मोडलो होतो, सर. बाबा उशाशी बसून राहिले. म्हणाले, त्या कोचला डोळेच नाहीत. अख्ख्या जगात ते एकटे माझ्या बाजूनं होते."

सरांनी कप खाली ठेवला. "तुझ्या जागी घेतलेला निहार प्राचार्यांचा भाचा होता," ते सावकाश म्हणाले. "तुम्हा पोरांना ठाऊक नव्हतं. त्याला खेळवा म्हणून दबाव आला आणि मी वाकलो. तुझा हात त्याच्यापेक्षा कितीतरी चांगला होता."

संजीव उठला. तो चिडेल असं आसावरीला वाटलं, पण त्याचे डोळे भरून आले होते.

"म्हणजे बाबा बरोबर होते."

"बरोबर होते."

नमस्कार न करताच तो फाटकातून बाहेर पडला.

आसावरीनं त्याचा न प्यालेला चहा उचलला. "मला काढलंत, तेव्हा आई रडली तरी तुम्ही ऐकलं नाहीत," ती म्हणाली. "मी जन्मभर लोकांना सांगत आले, माझे बाबा कुणापुढं वाकत नाहीत. आणि प्राचार्यांच्या भाच्यासाठी..."

"प्राचार्यांना भाचा नव्हता."

ती पाहतच राहिली. "मग का काढलंत त्याला?"

सर रिकाम्या खुर्चीकडे बघत होते.

"स्पर्धेला गेला तर पोराची मुलाखत बुडेल, म्हणून मनोहरराव घरी आले होते. माझ्या पायांवर डोकं ठेवलं त्यांनी."