अर्धा चेहरा

लालासाहेबांनी फोन पुन्हा उपडा ठेवला.

"ह्योपण नको, आबा?" क्रांतीने विचारलं.

ते खिडकीबाहेर बघत राहिले.

फोनवर त्यांचाच चेहरा होता. भरलेले गाल, झुपकेदार मिशी, मोठ्ठं हसू. मोबाइलवर पाठवायची हसरी-रडकी तोंडं काढणं हा क्रांतीचा व्यवसाय होता. पुण्यातल्या एका कंपनीसाठी ती इस्लामपुरात घरी बसून हे काम करी. तिने काढलेली रुसलेली नवरी आणि डोळे वटारणारा कंडक्टर लोक रोज एकमेकांना पाठवत. चेहरा काढताना ती फक्त अर्धाच काढायची. उरलेला अर्धा संगणक आरशासारखा आपोआप उमटवायचा. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असल्या की तोंड लोकांना लगेच आवडतं, हे तिला अनुभवाने कळलं होतं.

आई गेल्यावर घरात बोलणारे वडीलच उरले होते. तेही भरपूर बोलत. फौजेतले किस्से, शेजाऱ्यांच्या नकला, दोस्तांबरोबर एसटी स्टँडवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे. उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. सांगलीच्या दवाखान्यातून ते आपल्या पायांनी घरी आले, पण वाचा तिथेच राहिली. कळत सगळं होतं. तोंडातून शब्द फुटत नव्हता आणि लिहायला बसलं तर अक्षरं जुळत नव्हती. उजवा हात अधू झाला होता. तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं.

डॉक्टर म्हणाले होते, बोलण्याची दुसरी काही वाट शोधा. क्रांतीला एकच वाट ठाऊक होती. तिने आबांच्या चेहऱ्याचे स्टिकर करायला घेतले. हसणारे आबा, चिडलेले आबा, कंटाळलेले आबा. समोर जुने फोटो मांडून ती काढत राहिली. आबा फोनला हात लावत नव्हते, म्हणून रोज सकाळी तीच त्यांच्या फोनवरून मित्रांच्या ग्रुपवर एक चेहरा पाठवायची. मित्रांशी असलेलं त्यांचं बोलणं तुटू नये, एवढीच तिची धडपड होती. उत्तरं यायची. नमस्कार. तब्येत जपा. जोडलेले हात. ती ती उत्तरं वाचून दाखवायची आणि आबा भिंतीकडे तोंड करून पडायचे.

त्यांचे फौजेतले दोस्त बाळासो दोनदा दारापर्यंत आले होते. आबा झोपलेत, असं सांगून क्रांतीने त्यांना दारातूनच परत पाठवलं. असं तोंड झालेलं कुणी बघू नये, असं तिला वाटायचं.

"मग कसलं काढू? सांगा की तुमीच," ती वैतागून म्हणाली. 'सांगा' हा आपलाच शब्द तिच्या कानाला लागला.

लालासाहेबांनी डावा हात पुढे केला आणि तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. ती ज्यावर चित्रं काढायची त्या टॅबवर तोच हसरा चेहरा उघडा होता. लहान मूल खडू धरतं तसं त्यांनी पेन मुठीत धरलं आणि ओठाचं एक टोक खाली ओढलं. दुसरं टोकही आपोआप खाली आलं. त्यांनी मान हलवली. पुन्हा ओढलं. दुसरं टोक पुन्हा त्याच्यामागे गेलं. त्यांनी चिडून क्रांतीकडे पाहिलं. मग पेन खाली ठेवून बोट स्वतःच्या गालावर टेकवलं. लोंबणाऱ्या बाजूवर.

क्रांती बघत राहिली. मग तिने संगणकाचा आरसा बंद केला.

आबांनी परत रेघ ओढली. या वेळी एकच बाजू खाली गेली. दुसरी वरच राहिली. त्यांनी पेन तिच्या हातात दिलं.

तिने जुने फोटो गोळा करून पालथे ठेवले. खुर्ची त्यांच्यासमोर ओढली. झटका आल्यापासून ती त्यांना भरवत होती, त्यांची दाढी करत होती, पण त्यांच्या तोंडाकडे तिने असं पाहिलं नव्हतं. उजवा गाल सैल पडला होता. ओठ तिरका झाला होता. आणि डावी भुवई, कुणाची तरी नक्कल करायच्या आधी उचलली जायची तशीच, अजून उचलली जात होती. आबा फौजी ताठपणाने बसून राहिले. ती सगळं जसंच्या तसं काढत गेली.

चित्र झाल्यावर तिने फोन त्यांच्या डाव्या हातात दिला आणि आपले हात मांडीवर ठेवले. त्यांचा अंगठा पडद्यावर बराच वेळ चाचपडला. एकदा चुकला. मग वाकड्या तोंडाचा, एक भुवई चढवलेला चेहरा ग्रुपवर गेला.

कुणाचेही जोडलेले हात आले नाहीत. काहीच आलं नाही. क्रांतीला वाटलं, आपण चूक केली. आबांची नजर फोनवरून हलत नव्हती.

मग बाळासोंनी बोलून पाठवलेला निरोप आला. तिने तो लावला.

"लाल्या, लेका, मिशीचं एक टोक साताऱ्याला आन् एक सांगलीला निघालंय की रं."

आबांच्या घशातून खर्रर्र असा आवाज आला. क्रांती दचकून उठली. ते हसत होते. डाव्या अर्ध्या तोंडाने, खांदे हलवत हसत होते.

बाळासोंचा आवाज पुढे चालूच होता. जरा खाली आलेला.

"उद्या सकाळी स्टँडवर यायचं, न्हाईतर उचलून नेतो. इतके दिवस पोरगीच धाडत व्हती, आमी नुसतं तिचं मन राखत व्हतो गड्या. बोललास तू आज."