वाळूची उशी

आज एकविसावा दिवस, आणि कागद उघडायला तिचे हात धजत नव्हते.

प्लास्टिकच्या त्या कागदाखाली वाळलेलं गवत होतं. गाईने कितीही खाल्लं तरी अंगी न लागणारं. गुरांच्या डॉक्टरांनी उपाय सांगितला होता : पाण्यात युरिया विरघळवायचा, थराथरावर झारीने शिंपडायचा, तुडवायचं आणि घट्ट झाकायचं. "एकवीस दिवस हलवायचं नाही. हवा शिरली की बुरशी. मग सगळं उकिरड्यावर." मापं तिने वहीत उतरवून दोनदा तपासली होती. व्यायल्यापासून गाईच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या, आणि दुसरा चारा नव्हता.

तरीही तिने कागद हलवला होता. रोज. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की ती गोठ्यामागे जायची, कोपऱ्यावरचे दोन दगड सरकवून नाक खुपसायची. युरियाचा उग्र वास नाकाला झोंबला की, अजून बुरशी नाही म्हणून, जिवात जीव यायचा. मग दगड कसेबसे ठेवून धावत आत, बाळाचा श्वास चालू आहे ना ते बघायला.

"उघड की गं," बाळाला खांद्यावर घेऊन सासूबाई म्हणाल्या. "गवत आहे ते, परीक्षेचा निकाल नाही."

"आई, वाया गेलं असेल. मी रोज उघडून बघत होते."

सासूबाईंनी मानेनेच कागदाकडे खूण केली. तिने डोळे मिटून कागद ओढला. भपकारा आला, डोळ्यांतून पाणी आलं. मग तिने रोजच्या त्याच कोपऱ्यात हात घातला. गवत मऊ होतं, तपकिरी. काळा ठिपका एकही नाही.

दिवसभर वारं लागू दिलं, संध्याकाळी गाईपुढे टाकलं. गाईने हुंगलं, तोंड फिरवलं, परत हुंगलं. मग जी मान खाली घातली, ती वर काढलीच नाही.

कागदाची घडी घालताना तिला कोपऱ्याशी उशीचा जुना अभ्रा सापडला. ओल्या वाळूने गच्च भरलेला, तोंड शिवलेला.

"आई, हा इथे?"

"तू आत गेलीस की मी कागदाच्या कडेवर दाबून ठेवायचे."

"मला कधी दिसला नाही तो!"

"दुपारी आडवं व्हायच्या आधी मीच काढायचे ना. उघडून बघितल्याशिवाय तुला चैन कुठे पडते?" सासूबाईंनी झोपलेल्या बाळाच्या पाठीवरची दुपटं सारखं केलं. "याचं पांघरूण तू वीसदा उघडतेस. मागून घालतं कोण?"