लांब बाह्या

"माझ्या उशीचा रेशमी अभ्रा कोणी उसवला?" ऐन लग्नाच्या सकाळी सासूबाई कडाडल्या. फुमिएनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सुईत लाल दोरा ओवला.

तिच्या कुमारवयातल्या डाळिंबी किमोनोच्या बाह्या पार घोट्यापर्यंत लोंबायच्या. क्योटोतल्या या घरात ती सून म्हणून आली आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी त्या कापून आखूड केल्या. लग्न झालेल्या बाईनं लांब बाह्या मिरवायच्या नाहीत, असा रिवाजच होता. कापलेलं रेशीम वाया कसं घालवायचं? त्यातून सासूबाईंचा अभ्रा झाला, नवऱ्याच्या कोटाचं अस्तर झालं, मुलाचं दुपटं झालं. तिला मात्र कुणी विचारलं नाही.

आता त्याच मुलाचं लग्न होतं, आणि नव्या सुनेसाठी सासूबाईंनी कात्रीला धार लावून ठेवली होती.

वरमाईनं काळा किमोनो घालायचा असतो. फुमिए बाहेर आली ती डाळिंबी किमोनोत. बाह्या पुन्हा घोट्यापर्यंत आल्या होत्या. त्यांत अभ्र्याचा तेलकट तुकडा होता, अस्तराचा विटका, दुपट्याचा दुधाच्या डागांचा, आणि प्रत्येक जोडावर लाल टाके ठसठशीत दिसत होते.

"साठीला आलीस! लोक तोंडात शेण घालतील!" सासूबाई ओरडल्या.

दाराशी लांब बाह्यांतली नवी सून थबकली होती. फुमिए तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पसरले.

"आणा कात्री, आई. तिच्या बाह्यांआधी या कापा. कापा हव्या तितक्या वेळा. मला शिवता येतं."