पाऊण तासाचं गणित
पांढरे बूट हातात धरून नवरी जॅनेट खाडीकाठी उभी होती. पलीकडे चर्चची घंटा वाजत होती. मधली वाळू अजून गुडघाभर पाण्याखाली. “पुलाचो वळसो कशाक? तिथीवरून ओहोटीची वेळ काढलंय, गणित खोटां बोलणा नाय,” म्हणत मास्तर भावाने, डायलनने, तिला इथे आणलं होतं. “गणित माणसान केल्यान, खाडी देवान,” ती फणकारली. त्याने वाळूत पुन्हा हिशेब मांडला आणि कपाळावर हात मारला. लग्नघाईत कॅलेंडरचं कालचं पान कोणी फाडलंच नव्हतं. “तिथी चुकली गो, गणित नाय! एका तिथीक ओहोटी पाऊण तास उशिरा, थांब.” पाणी उतरू लागलं तसा तो गरजला, “कोणी मानूक नाय तरी खरां ता खरां!” जॅनेटला पटलं. पण पलीकडून नवरदेव ओहोटीची वाट न बघता पँट दुमडून केव्हाच पाण्यात उतरला होता. नववीत गणितात त्याला डायलननेच नापास केलं होतं.