वाडीचा एक सवाल

"एका गावाला एकच सवाल. तोबी उर्दूत, एका ओळीत," सुंदरराव पाटलांनी पुन्हा बजावलं. "लिवलंय तेवढ्याचाच वजीरसाहेब जवाब देनार. तोंडी कुनी तोंड उघडायचं न्हाई."

चावडीत वाडीची माणसं दाटीनं बसली होती. मधोमध महारुद्रअप्पा मांडीवर फळी घेऊन बसला होता. मीठ-तंबाखूचं दुकान चालवणारा हा वाणी लहानपणी हैदराबादेत राहिलेला. वाडीत उर्दू लिहिता येणारा तोच एकटा.

दिवाळीपासून काळदऱ्याचा डोंगर बंद होता. जंगलखात्याच्या दारोग्यानं पायथ्याला दगड रोवले होते. जनावर दगडापलीकडं गेलं की थेट कोंडवाड्यात. वाडीला दुसरं गायरान नव्हतं. माघ संपेपर्यंत गुरांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. अशात जंगलखात्याचे वजीरसाहेब धारूरला मुक्काम करणार आणि गावोगावच्या सवालांना जवाब देणार, अशी दवंडी पिटली गेली.

"डोंगर कुनी बंद केला, ते इचारा," आश्रुबा म्हणाला. त्याच्या तीन गाई होत्या, आता एक उरली होती.

"कुनी म्हंजे? सरकारनं," सुंदरराव म्हणाले. "वजिराला तोंडावर कुनी म्हनून इचारतोस व्हय बे? कवापासून बंद झाला, तेवढं इचारू. तारीख कळली की हुकूम सापडंल. हुकूम सापडला की रद्द करा म्हनता येतंय."

"तारीख मीच सांगते की," पायरीवरून बायनाबाई बोलली. "माजी म्हैस मेली, त्याच्या दोन म्हैने आदी."

दोघंतिघं हसली. पण पाटलांना कचेरीची रीत ठाऊक होती, म्हणून त्यांचंच ठरलं. शिवाय पाटील माणूस गावासाठी झिजणारा. नांदूरघाटच्या सासुरवाडीहून त्यांच्या घरी गवताच्या गाड्या येत, तेव्हा दोन पेंढ्या ते न चुकता बायनाबाईच्या दारात टाकत.

अप्पानं ओळ लिहिली, फुंकर मारून शाई वाळवली. पाटलांनी कागद घेऊन खिशात ठेवला.

बाहेर आल्यावर त्यांनी आश्रुबाला बाजूला घेतलं. "अप्पावर नजर ठिव. मागल्या बाजारी तो कचेरीतल्या पेशकारासंगं, सायबाम्होरं कागद वाचनाऱ्या कारकुनासंगं, पान खात बसलता."

"उधारी मागाया गेला आसंल."

"धारूरचा पेशकार वाडीच्या दुकानातून मीठ नेतो व्हय?"

आश्रुबा तडक घराकडं निघाला. मग त्यानं घरी सांगितलं, घरच्यांनी आडावर सांगितलं. दुसऱ्या दिवशी अप्पाच्या दुकानात कुणी फिरकलं नाही.

"कावून येईनास रं?" अप्पानं रस्त्यात विचारलं.

"तंबाखू सोडली," आश्रुबा म्हणाला. गालात गोळी होती, त्यामुळं शब्द नीट उमटले नाहीत.

सुंदररावांनी नुसत्या संशयावर भागवलं नाही. कागद घेऊन ते धारूरच्या मदरशातल्या मौलवीसाहेबांकडं गेले. "यात 'कब से बंद हुआ' आसंच लिवलंय ना?"

मौलवीसाहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "यह जंगल कब से बंद हुआ. हां, बराबर है." अक्षर घाईचं आहे, अशी कुरकुर करून त्यांनी कागद परत दिला. पाटलांनी तो पाकिटात घातला, लाखेची मोहर केली आणि स्वतःच्या हातानं कचेरीत दिला.

ठरल्या दिवशी किल्ल्याखालच्या माळावर तंबू पडला. चाळीस गावची माणसं उन्हात बसली होती. वजीरसाहेब म्हातारे, किरकोळ अंगाचे. सकाळपासून तक्रारी ऐकून त्रासलेले. मराठीतून सांगायला माणूस हवा म्हणून पेशकारानं गर्दीवर नजर फिरवली आणि महारुद्रअप्पाला वर बोलावलं.

"बघितलंस?" सुंदरराव पुटपुटले. आश्रुबानं मान हलवली.

वाडीचं पाकीट फुटलं. पेशकारानं वाचलं, "यह जंगल किस से बंद हुआ?"

सुंदरराव उठले. "किस न्हाई हुजूर. कब. कब से."

पेशकारानं कागद त्यांच्याकडं वळवला. "कब के नीचे नुक्ता होता है. यहाँ कहाँ है?"

"टिंब ऱ्हायलं वाटतं," अप्पा मराठीत म्हणाला. "घाईच्या अक्षरात खालचं टिंब नसलं की 'कब'चं 'किस' हुतंय. कवापासूनच्या जागी कुनी, आसा सवाल झाला."

वजीरसाहेबांनी हात हलवून पाटलांना खाली बसवलं. लिहिलंय तेच वाचलं जाईल.

"इकलं आपल्याला," आश्रुबाच्या मागं कुणीतरी बोललं. "सवालच बदलला." आश्रुबानं मूठ आवळली. तारीख गेली, हुकूम गेला, आता पावसाळ्यापर्यंत उरलेली गाय जगवायची कशी, हे त्याला कळेना.

वजीरसाहेबांनी काळदऱ्याची मिसल मागवली. कागदांचा तो गठ्ठा ते सावकाश चाळत राहिले. एका कागदावर थांबले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला. मग ते बोलू लागले आणि अप्पा एकेक वाक्य मराठीत सांगू लागला.

"सायेब म्हंतेत, सरकारनं आपल्या मनानं डोंगर बंद केला न्हाई. तुमच्याच वाडीतून अर्ज आलता."

माणसं एकमेकांकडं बघू लागली.

"अर्जात लिवलंय, गुरं कवळी झाडं खातेत, जंगल बुडायलंय, तवा डोंगर बंद करावा. आन् गवत कापायचा हक तेवढा अर्जदाराला द्यावा. सरकारनं तो दिलाय."

वारा आला. तंबूची कनात फडफडली.

"सायेब म्हंतेत, जंगलाची येवढी काळजी करनारा मानूस रयतेत पयल्यांदाच बघितला. त्येला आज हितंच, समद्यांच्या म्होरं शाल द्यायची."

वजीरसाहेबांनी अर्जाखालची सही पुन्हा एकदा पाहिली आणि गर्दीकडं बघत हसून काहीतरी विचारलं. अप्पानं कुणाकडंही न पाहता त्याचं मराठी केलं.

"सायेब इचारतेत, सुंदरराव पाटील आलेत का. आले आसतील तर उभं ऱ्हावं."