दोन वेगळे कागद

"वेगळं बसून कशाला? आमच्यात लपवण्यासारखं काही नाही," नवरोबा म्हणाले.

"इथली पद्धतच आहे सर," छोटी मॅडम म्हणाली. तिने नवराबायकोला टेबलाच्या दोन टोकांना बसवलं आणि एकेक कागद दिला. कागदावर प्रश्न एकच: पुढच्या पाच वर्षांत पैसा कशाकशासाठी हवा? दोघांनी एकमेकांचं न बघता लिहायचं. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून, दोघांसमोर वाचायचे. हे शेवटचं सांगायला मात्र ती घाईत विसरली.

टेबलाखाली तिचा पाय सारखा हलत होता. हलणारच! चांगली पगाराची नोकरी सोडून बाईसाहेब आर्थिक सल्लागार व्हायला निघाल्या होत्या, आणि तीन महिन्यांत ग्राहकांच्या नावाने नुसता भोपळा. आज मुदत संपत होती. "संध्याकाळपर्यंत एका तरी ग्राहकाची सही आण, नाहीतर उद्यापासून घरी बस," साहेबांनी सकाळीच स्वच्छ सांगितलं होतं. घरी आई टपूनच बसली होती, 'सांगत नव्हते मी?' म्हणायला.

नवरोबांनी पान भरून काढलं. मोठी गाडी, परदेशवारी, आणखी एक फ्लॅट. बायकोने एकच ओळ लिहिली आणि कागद उलटा करून सरकवला. मॅडमने तो जरासा उचलून वाचला.

'वर्षभराचं भाडं. माझ्या एकटीपुरतं. ह्यांना कळू देऊ नका.'

मॅडमने कागद पटकन पुन्हा उलटा केला. काय करून बसलो आपण हे!

"बघू, काय दिवे लावलेत हिने," म्हणत नवरोबांनी हात पुढे केला.

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात मॅडमचा कोपर पाण्याच्या ग्लासला लागला. लागला कसला, तिने लावला! जेलपेनची शाई पसरली, कागदाचा पार लगदा झाला आणि उरलेलं पाणी थेट नवरोबांच्या पँटवर.

"अहो, डोळे फुटले का तुमचे?" ते ताडकन उठले. "ज्यांना साधा ग्लास सांभाळता येत नाही, त्यांच्या हातात आम्ही आमचा पैसा द्यायचा? चल गं!"

पँट झटकत ते तरातरा निघाले. मागोमाग मान खाली घालून बायकोही गेली.

काचेपलीकडून साहेब बघत होते. मॅडम तो ओला लगदा मुठीत धरून बसली. हातातोंडाशी आलेला घास तिने स्वतःच घालवला होता, आणि तिला चांगलंच रडू येत होतं. आता आईला काय सांगायचं?

दार पुन्हा उघडलं. बायको होती. एकटीच, धापा टाकत.

"पर्स राहिली म्हणून आलेय," खुर्चीवरची पर्स ओढून घेत ती कुजबुजली. "लिफ्ट वर यायला मिनिटभर लागतं. पटकन सांगा, सही कुठे करू?"